दाताचा पायोरिया आणि इम्प्लांटचा पायोरिया यात फरक आहे

तुम्ही विचारलंय की आईंच्या इम्प्लांटभोवती (दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू) ब्रश करताना रक्त येतं, डॉक्टर आता हिरडी उघडून साफ करायचं म्हणतायत, पण पूर्वी त्यांच्या स्वतःच्या दातांचा पायोरिया नुसत्या डीप क्लीनिंगने, म्हणजे हिरडी न उघडता खोलवर साफ करून, आटोक्यात आला होता, मग आताच सर्जरी कशाला. मी पुण्यात २२ वर्षं हिरड्यांचंच काम करतोय, हा प्रश्न जवळपास रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच होते. जंतूही बरेचसे तेच. त्यांच्या भिंतीतला एलपीएस नावाचा पदार्थ हिरडीच्या पेशींना लागला की त्या आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा असले निरोप सोडतात, मग रँकल नावाचं प्रोटीन वाढतं, त्याला अडवणारं ओपीजी कमी पडतं आणि हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायला लागतात.

फरक आहे तो आजूबाजूच्या रचनेत. दाताच्या मुळावर सिमेंटमचा थर असतो, हिरडीतले कोलॅजनचे धागे त्यात आडवे घुसून रुतलेले असतात, आणि मूळ व हाड यांच्यामध्ये लिगामेंट, म्हणजे दोघांना जोडणारा धाग्यांचा पातळ थर असतो, त्यात भरपूर रक्तवाहिन्या. भाकरीत बारीक खडा आला की आपण चावता चावता थांबतो ना, ते बरंचसं त्या लिगामेंटमुळे. इम्प्लांटला यातलं काहीच नाही. टायटॅनियम थेट हाडाला धरतं, ते घट्ट बसतं हे खरंय, पण हिरडीचे धागे त्यात रुतत नाहीत, स्क्रूच्या बाजूने नुसते उभे किंवा गोल फिरतात, आणि लिगामेंटच नसल्यामुळे तिकडून येणारं रक्तही नाही.

म्हणून दाताभोवती सूज आली तरी सूज आणि हाड यांच्यामध्ये निरोगी धाग्यांचा पट्टा बऱ्याचदा शिल्लक राहतो, शरीर तिथे बांध घालतं. इम्प्लांटभोवती तो बांध नीट पडत नाही, सूज पार हाडापर्यंत उतरते. स्वीडनमध्ये गोटेनबर्गच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पायोरियाचे ४० आणि इम्प्लांटच्या आजाराचे ४० पेशंट घेऊन त्यांच्या हिरडीचे तुकडे तपासले, तर इम्प्लांटकडची सूज दुपटीहून मोठी होती आणि प्लाझ्मा सेल, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशी सगळ्याच दाटीने भरलेल्या. न्यूट्रोफिल एमएमपी-८ नावाचं एन्झाइम सोडतात, ते कोलॅजन कापतं. त्यात टायटॅनियमचे बारीक कण सुटले की मॅक्रोफेज ते गिळतात आणि आयएल-१ बीटा आणखी वाढतं.

गेल्या पावसाळ्यात हडपसरच्या एका मावशी आल्या होत्या, दुखत काहीच नव्हतं, नुसता कधीतरी पू येतो म्हणाल्या. हिरडी उघडली तर स्क्रूचे चार आटे उघडे, काळपट राखाडी, आणि आट्यांच्या खाचांत लालभडक मऊ मांस भरलेलं. दाताचं मूळ त्या मानाने सपाट असतं, हत्यार फिरवलं की थर निघतो. इथे खाचेच्या तळाशी हत्यार पोचतच नाही, शिवाय इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला असतो, म्हणजे जंतूंना बसायला जागाच जागा. मावशी तीस वर्षं मिश्री लावत होत्या, ती सोडवायला मला सर्जरीपेक्षा जास्त वेळ लागला, पण सोडली त्यांनी.

तर तुमचे डॉक्टर उगाच घाबरवत नाहीयेत. आधी हिरडी न उघडता बंद क्लीनिंग करून बघतात, तेच बरोबर, पण हाड गेलं असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागत नाही, आणि हे हाड दाताच्या मानाने झपाट्याने जातं म्हणून सहा महिने बघू असं कृपा करून करू नका. आईंना शुगर असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. नुसती हिरडी सुजलीय आणि हाड शाबूत आहे असं निघालं तर फारच चांगलं, ती अवस्था साफसफाईने परत फिरते. ते ठरवायला कॅप बसवली तेव्हाचा एक्सरे लागेल, घरात फाईल शोधा, नसेल तर जिथे बसवली तिथून मागून घ्या आणि आजच्या एक्सरेशेजारी ठेवून किती आटे उघडे पडलेत ते डॉक्टरांना मोजून दाखवायला सांगा.