दीर्घिकांभोवतीच्या विरळ ताऱ्यांबाबत संगणकीय सिम्युलेशनवर कितपत विसंबावे?
काणकोणच्या काळोख्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी देवयानी दीर्घिकेचा तेजस्वी मध्यभागच काय तो दिसतो; आपण विचारलेले तिच्याभोवतीचे विरळ तारे सिम्युलेशनलाही अवघड जातात. मुख्य अडचण विभेदनाची, म्हणजे किती बारीक तपशील टिपता येतो याची आहे: टीएनजी५० या विश्वाच्या सिम्युलेशनमध्ये ताऱ्यांच्या समूहाऐवजी धरलेला एक कण साधारण ८५,००० सूर्यांच्या वस्तुमानाचा असतो, त्यामुळे ज्या गिळंकृत बटू दीर्घिकांच्या अवशेषांतून विरळ ताऱ्यांचे हे प्रभामंडल बरेचसे घडते, त्यांतील सर्वांत लहान दीर्घिका त्यात उमटतच नाहीत, आणि थोड्याच कणांनी बनलेल्या इतर दीर्घिका कृत्रिमरीत्या लवकर विखुरण्याचा धोका राहतो. तारानिर्मिती व ताऱ्यांच्या स्फोटांचे (सुपरनोव्हांचे) परिणामही अंदाजी सूत्रांनीच घालावे लागतात. त्याच मालिकेतील टीएनजी१०० या सिम्युलेशनमधील दीर्घिकांचे बाह्यभाग ड्रॅगनफ्लाय दुर्बिणीने टिपलेल्यांपेक्षा सरासरीने अधिक तेजस्वी निघाले, ही विसंगती मला सर्वांत बोलकी वाटते.