वाचकांचे प्रश्न : फोटोतले घर नेमके कुठे होते?

जुना फोटो आहे, नकाशाही मिळाला, तरी पाडलेल्या घराची जागा काही सापडत नाही, अशी तक्रार करणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

घराचा एकच फोटो आहे. घर पाडले गेले, पण फोटोत मागे दिसणारा मनोरा आणि दोन-तीन इमारती अजून उभ्या आहेत. एवढ्यावरून जागा काढता येईल का?

येईल. मात्र घराच्या मागे लागू नका. आधी कॅमेरा कुठे उभा होता ते काढा, घर त्यानंतर आपोआप हाती येते.

फोटोत एकापुढे एक आलेल्या दोन वस्तू शोधा. मनोऱ्याची उजवी कड पुढच्या इमारतीच्या कोपऱ्याला बरोबर चिकटलेली दिसते आहे, असे समजा. नकाशावर हे दोन बिंदू जोडून रेघ पुढे, फोटोग्राफरच्या बाजूला वाढवा. कॅमेरा या रेघेवर कुठेतरी होता. अशी दुसरी जोडी घेतली की दोन रेघा जिथे छेदतात तिथे कॅमेरा. तिसरी जोडी पडताळ्यासाठी. जोड्या फोटोच्या दोन टोकांकडून घ्याव्यात, कारण रेघा फार निमुळत्या कोनात छेदल्या तर चूक फुगते. कोन १० अंशांचा असेल तर रेघ अर्धा मीटर इकडेतिकडे झाली तरी छेदनबिंदू जवळजवळ ३ मीटर सरकतो.

अशा जोड्या नसतील तर ट्रेसिंग पेपर घ्या. फोटोखाली एक आडवी रेघ मारून ओळखीच्या तीन बिंदूंच्या जागा तिच्यावर उतरवा. फोटोच्या मध्याच्या सरळ खाली, त्या रेघेपासून लेन्सच्या फोकल लांबीइतक्या (म्हणजे साधारण लेन्सपासून निगेटिव्हपर्यंतच्या) अंतरावर, एक टिंब द्या आणि तिथून तिन्ही जागांकडे किरण ओढा. प्रिंट निगेटिव्हपेक्षा दुप्पट मोठी असेल तर हे अंतरही दुप्पट धरायचे. आता तो कागद नकाशावर सरकवत, फिरवत राहा. तिन्ही किरण आपापल्या बिंदूवरून गेले की टिंबाखाली कॅमेऱ्याची जागा आली. फोकल लांबी माहीत नसेल तर चार-पाच बिंदू घ्या आणि सगळे एकदम जुळेपर्यंत टिंब वरखाली करत राहा.

यात दोन खोडे आहेत. फोटो बाजूने कापलेला असेल तर त्याचा मध्य खरा मध्य नसतो आणि सगळे कोन बिघडतात, म्हणून आधी प्रिंटच्या कडा तपासा. दुसरे, तिन्ही बिंदू आणि कॅमेरा एकाच वर्तुळावर आले तर कागद कुठेही बसतो, उत्तर मिळतच नाही. अशा वेळी एक बिंदू बदला.

कॅमेरा सापडला की घराच्या डाव्या-उजव्या कडांकडे किरण ओढा. जुन्या नकाशावर त्या दोन किरणांमध्ये बसणारी इमारत पाहा. नकाशात घरच नसेल तर दारावरून अंतर काढता येते. दार २ मीटर उंच, निगेटिव्हवर ते ८ मिलिमीटर आणि लेन्स १५० मिलिमीटरची, तर अंतर ३७.५ मीटर. दाराची उंची मात्र अंदाजाची असते. त्यात १० टक्के चूक असेल तर अंतरातही १० टक्के येते.

जागेवर गेलात तर प्रिंट हातात धरून एक डोळा मिटा. जवळची वस्तू फोटोतल्यापेक्षा डावीकडे सरकलेली दिसत असेल तर तुम्हीही डावीकडे सरका. जवळची वस्तू लांबच्याच्या मानाने फार मोठी दिसत असेल तर मागे जा. झूम करून हे सुधारत नाही. रस्ते वर्षानुवर्षे थरावर थर देऊन वर आलेले असतात, त्यामुळे जुन्या फोटोत चार पायऱ्या दिसतात आणि आज दोनच उरलेल्या असतात. एवढ्यावरून जागा चुकली असे समजू नका.

फोटो १९०५चा आहे, त्यात घर आहे. १९१२ सालच्या नकाशात ते नाही. मग खरे काय मानायचे?

दोन्ही खरे असू शकतात. नकाशावर ठळक छापलेले वर्ष बहुधा प्रकाशनाचे असते. मोजणी कधी झाली, दुरुस्ती कधी झाली, हे समासात बारीक अक्षरांत असते आणि मोजणी व प्रकाशन यांत दहा-वीस वर्षांचे अंतर पडणे मुळीच नवल नाही. काही वेळा दुरुस्तीत फक्त रेल्वे आणि मोठे रस्ते घातलेले असतात, घरे जुन्या मोजणीतलीच. म्हणून कोणत्याही नकाशाचे टिपण करताना तीन वर्षे वेगवेगळी लिहा : मोजणी, दुरुस्ती, छपाई.

मग प्रमाण पाहा. १० मीटर रुंदीचे घर १:२५०० च्या नकाशावर ४ मिलिमीटरचे येते. १:१०,५६० वर ते जेमतेम १ मिलिमीटर. एका इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० वर, ०.१६ मिलिमीटर, छापलेल्या रेघेपेक्षाही बारीक. अशा नकाशात घर म्हणून जो काळा ठिपका असतो ती खूण असते, मोजलेली इमारत नव्हे. पाच घरांची वस्ती दोन ठिपक्यांत उरकलेली असते आणि रस्त्याच्या रेघेला जागा मिळावी म्हणून ठिपके मागे ढकललेले असतात. एकेका घराचा शोध घ्यायचा तर १:५००० पेक्षा बारकाईचा नकाशाच मिळवा.

असे नकाशे बहुतेक ठिकाणी कर किंवा विम्यासाठी झाले, आणि कशासाठी झाले त्यावर त्यांत काय सापडेल हे ठरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३६च्या कायद्यानंतर झालेल्या टाइद (चर्चला द्यायचा दशमांश कर) नकाशांसोबत एक नोंदवही असते, तिच्यात तुकड्याच्या क्रमांकापुढे मालक आणि कब्जेदार दोघेही लिहिलेले आहेत. रंगवलेल्या प्रतींवर राहती घरे सहसा तांबूस, गोठे-कोठारे करडी. अमेरिकेतले सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे ५० फुटांना एक इंच या प्रमाणात आहेत : विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी, शिवाय मजल्यांचे आकडे. पण कंपनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या जुन्या नकाशावरच चिकटवत असे. तुमचे घर अशा एखाद्या चिठ्ठीखाली झाकलेले असू शकते. स्कॅनवर हे कळत नाही, मूळ प्रत तिरप्या उजेडात पाहिली की चिठ्ठीची कड उठून दिसते.

जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत आजच्या नकाशावर बसवला. घर थेट रस्त्याच्या मधोमध आले!

कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन्ही नकाशांत जुळवायचे बिंदू, चुकीच्या ठिकाणी घेतले असावेत. सगळे जण चौक घेतात. पण रस्ता रुंद होताना बहुधा एकाच बाजूने कापला जातो, त्यामुळे चौकाचा मध्य सरकतो. नदीकाठ, कुंपणे, झाडे, तळ्याच्या कडा यांच्यावरही विसंबू नका. जुन्या पुलाची दगडी टोके, विहिरी, प्रार्थनास्थळांचे कोपरे, रेल्वेमार्गाची वळणे आणि जमिनीच्या हद्दीचे दगड यांची साक्ष पक्की.

आठ ते बारा बिंदू पुरेत, पण ते शोधायच्या घराच्या चहूबाजूंनी हवेत. सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले तर दुसऱ्या बाजूला नकाशा वाटेल तसा ताणला जातो. नीट मोजणी केलेल्या नकाशाला पहिल्या घाताचे पॉलिनॉमियल रूपांतर लावा, ते सगळा नकाशा एकसारखा सरकवते, फिरवते, ताणते. त्याला तीन बिंदू लागतात, बाकीचे चूक दाखवायला उपयोगी पडतात. एकाच बिंदूची चूक इतरांच्या तिप्पट-चौपट दिसली तर तो बिंदू काढून टाकण्याआधी तपासा : तिथली इमारत पाडून थोडी सरकवून बांधली असेल तर तीही एक माहितीच. थिन प्लेट स्प्लाइन ही दुसरी पद्धत नकाशा रबरासारखा जागोजागी ताणून प्रत्येक बिंदू जागच्या जागी बसवते, त्यामुळे चूक शून्य दिसते आणि माणूस फसतो. ती पद्धत हाताने काढलेल्या, वेड्यावाकड्या नकाशांसाठी ठेवा, आणि तेव्हाही दोन बिंदू न वापरता पडताळ्यासाठी बाजूला राखा.

मोबाइलने काढलेला नकाशाचा फोटो कडांना वाकतो, म्हणून सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. १:२५०० च्या नकाशात मग एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २१ सेंटीमीटर भरतो, याहून बारीक स्कॅनने खास फायदा नाही. कागदही दोन्ही दिशांना सारखा आकसत नाही. नकाशा घडीचा असेल तर घडीच्या पलीकडचे बिंदू या तुकड्यात मिसळू नका.

फोटोमागे पोस्टाचा शिक्का आहे. तेच फोटोचे साल धरावे का?

शिक्क्यावरून एवढेच ठरते की फोटो त्याआधीचा आहे. पोस्टकार्डे वर्षानुवर्षे दुकानात पडून असत आणि जुन्याच निगेटिव्हवरून पुन्हा छापली जात. पाठ पत्ता आणि मजकूर अशी उभी विभागलेली असेल तर कार्ड ब्रिटनमध्ये १९०२नंतरचे, अमेरिकेत १९०७नंतरचे. दहापट भिंगाखाली जाळीदार ठिपके दिसले तर ती छपाई आहे, म्हणजे आणखी बारकावा शोधण्यात अर्थ नाही, मूळ प्रिंट शोधा. कडा पिवळसर आणि भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात ती बहुधा एकोणिसाव्या शतकातली अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप असलेली) प्रिंट. काळ्या भागावर आरशासारखी चकाकी आलेली असेल तर जिलेटिनची.

साल ठरवण्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघा. पाट्यांवरची अक्षरे, पुरुषांच्या कोटाची बटणे (उजव्या अंगाला असतात), घड्याळाची तबकडी. काचेच्या निगेटिव्हचा मंद, रसायन लावलेला पृष्ठभाग तुमच्याकडे असेल तर चित्र उलटे दिसते. तो पलीकडे ठेवून पाहा. उलट्या फोटोवरून काढलेला कॅमेरा रस्त्याच्या भलत्याच बाजूला जातो, आणि गंमत म्हणजे रस्ता सरळ असला तर रेघाही बऱ्यापैकी जुळतात.

फोटो नाही, नकाशातही फक्त एक ठिपका. जागी आता मोकळे रान आहे. काय करता येईल?

हवाई आणि उपग्रहांचे फोटो पाहा. अमेरिकेच्या कोरोना टेहळणी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रे १९९५मध्ये खुली झाली. शेवटच्या कॅमेऱ्यांत सुमारे २ मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, आधीच्यांत बराच कमी. लहान घर चार-पाच पिक्सेलचे येते, त्यामुळे घरापेक्षा त्याच्याकडे जाणारी पायवाट आणि कुंपणाचा चौकोन शोधणे सोपे. सकाळ-संध्याकाळच्या फोटोत लांब सावल्यांमुळे जोत्याचा किंचित उंचवटाही कळतो.

कोरड्या हंगामातली छायाचित्रे वेगळी काढून ठेवा. गाडलेल्या भिंतीवर माती पातळ असते, तिथले गवत आधी पिवळे पडते. बुजवलेल्या विहिरीवर किंवा चरावर ते उशिरापर्यंत हिरवे राहते. २०१८च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अशा कितीतरी रेघा उघड्या पडल्या. पण पाण्याच्या पाइपलाइनही तशाच दिसतात. काटकोनात वळणारी रेघ मिळेपर्यंत घर म्हणू नका. आणि जागेवर जाऊन खणायला लागू नका : जमीन दुसऱ्याची असते, आणि खणल्याने जो पुरावा जातो तो परत येत नाही.

घर क्रमांक जुन्या कागदांत १४ आहे, आज त्या क्रमांकाला दुकान आहे. तेच का?

बहुधा नाही, क्रमांक बदललेले असतात. एकाच रस्त्याच्या दोन वेगवेगळ्या सालच्या रहिवाशांच्या याद्यांत शेजाऱ्यांची नावे लावून पाहा. नावांचा क्रम तोच आणि आकडे वेगळे, म्हणजे फेरक्रमांकन झाले. रांग कुठल्या टोकापासून मोजली आहे तेही पाहा. कोपऱ्यावरची इमारत, जिचा दोन्ही यादींत पत्ता लागतो, तिथून घरे मोजत या.

आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत एकदा जा. दर्शनी भाग नवा असला तरी मागून जुन्या छपराचा उतार, शेजारच्या भिंतीवर उमटलेली त्रिकोणी रेघ, बुजवलेली खिडकी दिसते का पाहा. फोटोतल्या खिडक्यांची संख्या आणि त्यांच्यामधले अंतर यांचे गुणोत्तर मोजून ठेवलेले असले तर मागच्या भिंतीशी ते ताडून बघता येते.