चौकांची शाळा : कोपनहेगनच्या उपनगरातील मुंकेगोर

प्रश्न : मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेन यांनी एका उपनगरात नगरपालिकेची शाळा बांधली, असा उल्लेख आमच्या वर्गात झाला. साध्या सरकारी शाळेत त्यांनी असे वेगळे काय केले, आणि ती शाळा आजही चालू आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण विचारता ती मुंकेगोर शाळा होय. कोपनहेगनच्या उत्तरेला लागूनच गेन्टोफ्ते नावाची नगरपालिका आहे आणि तिच्या हद्दीत ही शाळा १९५७ साली बांधून पूर्ण झाली. ‘मुंक’ म्हणजे मठवासी साधू आणि ‘गोर’ म्हणजे शेतावरचा वाडा. परंतु डॅनिश भाषेत इमारतीच्या आतल्या चौकालाही ‘गोर’ असेच म्हणतात, त्यामुळे चौकांभोवती रचलेल्या या शाळेला ते नाव फार शोभते.

तिचे वेगळेपण कळण्यासाठी त्याआधीच्या शाळा कशा होत्या, हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कच्या शहरांत ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्या तीन-चार मजली, विटांच्या, लांबच लांब बोळ आणि त्यांच्या कडेला ओळीने खोल्या अशा होत्या. १९३० च्या दशकात त्या बोळांच्या जागी छतातून उजेड येणारे मोठे मध्यवर्ती दालन आले. वास्तुरचनाकार काइ गोटलोब यांनी कोपनहेगनमध्ये बांधलेली १९३४ ची कात्रिनेदाल शाळा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्या दालनामुळे शाळेत प्रकाश आला आणि सगळी मुले एकत्र दिसू लागली, तरी इमारत उंचच राहिली आणि लहान मुलाला ती मोठीच वाटत राहिली. पुढे १९४० च्या दशकात जन्माचे प्रमाण वाढले, उपनगरांत तरुण कुटुंबे राहावयास गेली आणि शेकडो मुलांसाठी नव्या शाळा बांधणे नगरपालिकांना भाग पडले. एवढ्या मुलांना एका छपराखाली आणायचे, पण त्यांना गर्दीत हरवू द्यायचे नाही, हा याकोबसेन यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

त्यांनी शाळा उभी न चढवता आडवी पसरली. वर्गखोल्या एकमजली आहेत, त्यांच्या समांतर रांगा आहेत, त्या रांगांना काचेच्या भिंतींचे मार्ग जोडतात आणि मधल्या जागांत छोटे-छोटे चौक आहेत. दोन वर्गांच्या वाट्याला एक चौक येतो. छपराचे दोन उतार मुद्दाम असमान ठेवलेले असून, उंच बाजूच्या झरोक्यातून येणारा उजेड चौकापासून दूर असलेल्या बाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे मागे बसणाऱ्या मुलाच्या वहीवरही आकाशाचाच प्रकाश पडतो. उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका योजनेचे मोल कळते. सर्व शाळेसाठी एक सभागृह मध्यभागी आहे, तर विज्ञान, हस्तकला यांसारख्या विषयांच्या खोल्या दुमजली भागात आहेत.

प्रत्येक चौकाची फरसबंदी वेगळी आणि झाडेही वेगळी आहेत. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या वर्गांच्या रांगांत सहा वर्षांच्या मुलाला ‘हा माझा चौक’ असे ओळखता यावे, यासाठी फलक लावण्यापेक्षा हा उपाय मला कितीतरी अधिक समजूतदार वाटतो. बाके, खुर्च्या, दिवे, पडदे, ध्वनिक्षेपक या सर्वांची रचना याकोबसेन यांनीच केली. वाकवलेल्या लाकडी पापुद्र्याची आणि पोलादी नळ्यांच्या पायांची आसने लहान-मोठ्या मुलांच्या मापांप्रमाणे केली होती. ‘जीभ’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी १९५५ ची खुर्ची याच शाळेसाठी घडवली गेली, आणि ‘मुंकेगोर’ नावाचा छतात बसवायचा गोल दिवाही येथूनच जगभर गेला. कोपनहेगनचे उंच एस.ए.एस. हॉटेल आणि ऑक्सफर्डचे सेंट कॅथरिन्स कॉलेज ही याकोबसेन यांची अधिक प्रसिद्ध कामे आहेत. परंतु माणसाच्या, आणि त्यातही लहान माणसाच्या, मापाने केलेले त्यांचे काम पाहायचे असेल तर ते या शाळेतच पाहावे, असे माझे मत आहे.

शाळा आजही भरते. १९९५ साली तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, म्हणजे मालक असलेल्या नगरपालिकेलाही परवानगीवाचून त्यात फेरबदल करता येत नाहीत. तरीही जागेची गरज वाढतच होती. तेव्हा वास्तुरचनाकार डोर्ते मँड्रुप यांनी खेळाच्या मैदानाखाली, जमिनीच्या पोटात, नवे दालन बांधले आणि त्यात काचेचे कोनाकृती चौक खोल उतरवून उजेड खाली नेला. हे काम २००९ मध्ये पूर्ण झाले. वरून पाहणाऱ्याला जुन्या शाळेची रूपरेषा अबाधित दिसते आणि खाली गेल्यावरही चौकाची कल्पनाच पुढे चाललेली आढळते. याच नगरपालिकेने २००२ साली हेलेरुप येथे अगदी उलट विचाराची, बंदिस्त वर्गखोल्या जवळजवळ नसलेली आणि मोठ्या लाकडी जिन्याभोवती पसरलेली शाळा बांधली. अभ्यासाच्या दृष्टीने या दोन्ही शाळा शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी शिफारस मी करीन.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. डेन्मार्कमध्ये बहुतेक सर्व थरांतील मुले नगरपालिकेच्याच शाळेत जातात, असे वाचले. ही शाळा सुरुवातीपासूनच अशी सर्वांची होती का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नव्हती, आणि मुंकेगोरसारख्या शाळेचा इतिहास सांगताना इमारतीपेक्षाही ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

या शाळांना ‘फोल्केस्कोले’, म्हणजे लोकशाळा, म्हणतात. तिचा पाया २९ जुलै १८१४ च्या शाळाविषयक कायद्यांनी घातला. सातव्या वर्षापासून चर्चमधील दृढीकरणाच्या विधीपर्यंत, म्हणजे साधारण चौदाव्या वर्षापर्यंत, प्रत्येक मुलामुलीला शिक्षण मिळालेच पाहिजे, असे त्यांत ठरले. मात्र राजधानी, इतर शहरे आणि खेडी यांच्यासाठी वेगवेगळे नियम होते. खेड्यातील मुले शेतकामामुळे पुष्कळ ठिकाणी एक दिवसाआडच शाळेत येत. सक्ती शिक्षणाची होती, शाळेची नव्हती, हा भेद तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. १९५३ च्या राज्यघटनेचे ७६ वे कलम सांगते की शिक्षणाच्या वयातील प्रत्येक मुलाला लोकशाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि तेवढ्याच तोडीचे शिक्षण जे पालक स्वतः देण्याची व्यवस्था करतील, त्यांच्यावर लोकशाळेची सक्ती नाही. पालकांनी चालवलेल्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या स्वतंत्र शाळांची परंपरा याच विचारातून आलेली आहे.

परंतु मोफत शाळा म्हणजे समान शाळा नव्हे. १९०३ च्या कायद्याने पाचवीनंतर चार वर्षांची माध्यमिक शाळा आणि तिच्यापुढे वरच्या शिक्षणाची वाट अशी शिडी तयार केली. जी मुले त्या शिडीवर चढू शकली नाहीत, ती मागेच राहत. १९३७ च्या कायद्याने त्यांच्यासाठी परीक्षा नसलेली माध्यमिक शाळा जोडली, तरी अकराव्या वर्षी मुलांची निवड व्हायची ती होतच राहिली. मुंकेगोर पूर्ण झाली तेव्हा हीच पद्धत चालू होती. चौकाच्या दोन बाजूंना बसलेली मुले पाचवीनंतर वेगळ्या वाटांनी जाणार, हे तेव्हा गृहीतच होते. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, नव्या कायद्याने ती माध्यमिक शाळा मोडीत काढली, शहर आणि खेडे यांच्या शाळांमधील कायदेशीर भेद संपवला आणि पहिली सात वर्षे मुलांना शक्यतो एकत्र ठेवण्याचे धोरण घेतले. १९७२ मध्ये सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे झाले, १९७५ मध्ये वरच्या इयत्तांतली विभागणीही बव्हंशी गेली, आणि २००९ पासून पहिलीपूर्वीचा ‘शून्यावा’ वर्ग सक्तीचा झाल्यामुळे ही मुदत दहा वर्षांची झाली. आज एकाच वर्गातील मुले साधारणपणे शून्याव्या वर्गापासून नववीपर्यंत एकत्रच राहतात.

शिक्षक म्हणून आपल्याला आणखी एक तारीख महत्त्वाची वाटेल. छडीचा वापर कोपनहेगनच्या शाळांत १९५१ मध्ये आणि संपूर्ण देशात १९६७ मध्ये बंद झाला. म्हणजे मुंकेगोरसारख्या कोवळ्या मापाच्या शाळेत मुले बसू लागली, तेव्हाही देशाच्या नियमांनी शिक्षकाला मारण्याची मुभा दिलेली होती.

प्रश्न : पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही कोपनहेगनजवळ राहायला जात आहोत. मुलगा सहा वर्षांचा आहे. तेथील सार्वजनिक शाळेचा कारभार कोण पाहतो, दिवस कसा असतो, आणि मराठी व धर्म यांबाबत काय व्यवस्था आहे? – एक वाचक, पुणे

उत्तर : शाळेत कोणते विषय शिकवायचे आणि मुलांना काय यावे, हे देशाची संसद आणि शिक्षण मंत्रालय ठरवते, पैसा, इमारती आणि शाळांच्या हद्दी नगरपालिका पाहते, आणि प्रत्येक शाळेला स्वतःचे शाळामंडळ असते. या मंडळात पालकांनी निवडून दिलेले पालक बहुमतात असतात, शिवाय शिक्षक-कर्मचाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. पालकांना हे स्थान १९९० च्या सुमारास मिळाले. मंडळ एखाद्या मुलाच्या वा शिक्षकाच्या वैयक्तिक प्रश्नात निर्णय देत नाही. वर्गांची रचना, शाळा आणि घर यांचे सहकार्य, सहली, अशा गोष्टींची तत्त्वे ते ठरवते आणि मुख्याध्यापक त्यांनुसार रोजचा कारभार चालवतात. पाचवी किंवा त्यापुढचे वर्ग असलेल्या शाळेत मुलांना स्वतःची विद्यार्थी परिषद स्थापण्याचा हक्क आहे.

आपण राहाल त्या भागाच्या शाळेत मुलाची जागा निश्चित असते. दुसरी शाळा हवी असल्यास तेथे जागा शिल्लक असावी लागते. ज्या वर्षी मूल सहा वर्षांचे होते, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते शून्याव्या वर्गात जाते. फी नाही, पुस्तके शाळा देते. एका वर्गात साधारणपणे २८ हून अधिक मुले नसतात, आणि अगदी लहानांच्या वर्गांसाठी ही मर्यादा अलीकडे २६ वर आणली आहे. २०१४ च्या सुधारणेने शाळेचा दिवस तेव्हा लांबला होता, रोज सरासरी ४५ मिनिटे शारीरिक हालचाल सक्तीची झाली आणि इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ च्या एप्रिलमध्ये, कामाच्या तासांवरून नगरपालिकांनी जवळजवळ चार आठवडे शिक्षकांना कामावर येऊ न देणारी टाळेबंदी लादली होती, आणि त्या संघर्षाने शिक्षकांच्या मनावर उमटलेला ओरखडा खोल होता. शाळा सुटल्यावर लहान मुलांसाठी शाळेतच ‘एस.एफ.ओ.’ नावाचे खेळ-विरंगुळ्याचे केंद्र असते. त्याचे पैसे मात्र पालकांना भरावे लागतात. जेवणाचा डबा घरून न्यायचा असतो.

आठवीच्या आधी गुण दिले जात नाहीत, याने आपण बिचकू नये. मुलाच्या प्रगतीविषयी शिक्षक आपल्याशी समोरासमोर बसून बोलतात आणि एरवीचा निरोप ‘आउला’ या संगणकीय व्यवस्थेतून येतो. मुले शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्याला ते सुरुवातीला खटकेल, पण त्यात अनादर नसतो. प्रत्येक वर्गाला एक वर्गशिक्षक असतो आणि त्याच्याकडे अभ्यासाइतकेच वर्गातल्या मैत्रीकडे, भांडणांकडे, एकट्या पडलेल्या मुलाकडे लक्ष देण्याचे काम असते. पुष्कळ शाळांत आठवड्यातून एकदा ‘वर्गाचा तास’ होतो, त्यात मुले आपसांतले प्रश्न मोकळेपणाने बोलतात आणि पाळीपाळीने एकेक मूल सर्वांसाठी घरून केक आणते.

नव्याने आलेल्या मुलाला डॅनिश येत नसल्यास दुसरी भाषा म्हणून ती शिकवण्याची सोय नगरपालिकेला करावी लागते, कधी स्वतंत्र स्वागतवर्गात, कधी नेहमीच्या वर्गातच. मराठीसाठी मात्र शाळेवर विसंबता येणार नाही. युरोपीय देशांबाहेरून आलेल्या मुलांना मातृभाषा शिकवण्याचे नगरपालिकांवरील बंधन २००२ मध्ये काढून टाकले गेले, आणि तो निर्णय चुकीचा होता असे मी मानतो. घरची भाषा पक्की असलेले मूल दुसरी भाषा अधिक आत्मविश्वासाने शिकते, हे आपल्याकडील प्रत्येक अनुभवी शिक्षक जाणतो. तेव्हा वाचन, लेखन आणि गोष्टी घरीच नेटाने चालू ठेवाव्या लागतील.

‘ख्रिस्ती धर्माचे ज्ञान’ हा विषय लोकशाळेत असतो, पण १९७५ पासून तो चर्चच्या शिकवणुकीला बांधलेला नाही, आणि वरच्या वर्गांत इतर धर्मांची ओळखही त्यात येते. पालकांनी लेखी विनंती केल्यास मुलाला त्यातून सूट मिळते. ती मागण्यापूर्वी शिक्षकांना विषयात नेमके काय शिकवले जाते हे विचारावे, असे मी सुचवीन. यासाठी वर्गाची पहिली पालकसभा सोयीची असते. ती चुकवू नये, कारण पालक आणि शाळा यांच्यातील दुवा असणारे वर्गाचे संपर्क-पालकही पुष्कळदा तेथेच निवडले जातात आणि नव्या कुटुंबाला ओळखी व्हायला त्यासारखी दुसरी जागा नाही.