वाचक विचारतात : फ्लोरिडा कीजमध्ये गळ टाकायचा, पण खिसा सांभाळून

नाताळच्या सुट्टीची बुकिंगं आत्ताच होतात म्हणून असेल, या वेळी कीजमधल्या, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटमाळेतल्या, मासेमारीबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली पाच घेतली आहेत. दर अंदाजे आहेत; बोटीगणिक आणि हंगामागणिक बदलतात.

प्रश्न (अटलांटा) : आम्ही नवराबायको आणि १० व १३ वर्षांची मुलं, आयलामोराडाला तीन दिवस आहोत. रिसॉर्टच्या डेस्कवर अर्ध्या दिवसाच्या बोटीचे ९५० डॉलर सांगितले, टीप वेगळी. स्वस्तातली बोट घेतली तर जिवाशी खेळ होईल का?

नाही, उलट आहे. ते कसं, ते पुढे येतंच.

डेस्कने सांगितलेले ९५० हे अख्ख्या बोटीचे आहेत. खासगी चार्टर (अख्ख्या भाड्याने घ्यायच्या) बोटी बहुतेक सहा जणांच्या असतात, कारण कोस्ट गार्डच्या तपासणीचं प्रमाणपत्र नसलेल्या बोटीवर पैसे देणारे सहाच प्रवासी घेता येतात. दोघं गेले काय नि सहा गेले काय, इंधन तेवढंच जळतं आणि कॅप्टन आणि मेट (त्याचा मदतनीस) यांचा दिवस तेवढाच जातो. तुम्ही चौघं गेलात की दोन रिकाम्या जागांचे पैसेही तुमच्याच माथी. २० टक्के टीप धरली तर ११४० डॉलर, माणशी २८५.

तुम्हाला हवी आहे ती पार्टी बोट. नावावर जाऊ नका, नाचगाणं काही नसतं. हिलाच हेड बोट म्हणतात, कारण तिकीट डोक्यामागे असतं. आयलामोराडा, मॅरेथॉन, की वेस्ट सगळीकडे मिळते. अर्ध्या दिवसाचे माणशी साधारण ६० ते १०० डॉलर, मुलांना थोडं कमी. आमिष आणि मासेमारीचा परवाना त्यात येतो, रॉडही बहुधा येतो. तरी रॉडचं भाडं वेगळं आहे का, एवढं विचारून घ्या. चौघांचं काम टीपसकट ४०० डॉलरच्या आतबाहेर होतं. आणि सहापेक्षा जास्त प्रवासी नेणारी बोट म्हटली की कोस्ट गार्डची तपासणी सक्तीची; प्रमाणपत्र बोटीवरच लावलेलं असतं. म्हणजे स्वस्तातल्या बोटीची तपासणीच जास्त कडक.

कमी काय मिळतं, तेही सांगायला हवं. गर्दी असते, बोट संथ असते आणि मासेमारी प्रवाळाच्या कडेला नांगर टाकून होते. सेलफिश किंवा माही-माही अशा खोल समुद्रातल्या माशांच्या मागे ही बोट जात नाही. अर्ध्या दिवसाचे ‘चार तास’ म्हणजे धक्का ते धक्का. प्रवाळाची कड पाच-सहा मैलांवर, जायला-यायला मिळून तास-दीड तास. गळ पाण्यात असतो तो जेमतेम अडीच-तीन तास. दहा वर्षांच्या मुलाला तेवढे पुरतात.

जागा मात्र नीट निवडा. नांगरलेली बोट प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते आणि मेट मागच्या टोकाला चमची जाळीदार पिशवी सोडतो. चम म्हणजे कुटलेली, गोठवलेली मासळी. ती विरघळत मागे वाहते आणि त्या वासावर येलोटेल स्नॅपर मासे वर येतात. पुढच्या टोकाला उभं राहिलात तर तुमचं आमिष त्या धारेत नसतंच. पाऊण तास आधी पोहोचा आणि मागची जागा धरा.

येलोटेलला शिसं लावून तळाशी सोडलेलं आमिष फारसं चालत नाही. शिसं काढा, गळाला लहानसा तुकडा लावा, रीलचा बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) उघडा ठेवा आणि तंगूस हातानेच सैल सोडत राहा, चमच्या वेगाने. दोरी ताणली की आमिष प्रवाहात थबकतं आणि मासा तोंड फिरवतो. दोरी एकाएकी भरभर सुटायला लागली की बेल बंद करून सरळ गुंडाळायला घ्या. हिसका देऊ नका. तिथले गळ बहुधा गोलाकार असतात. ते जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतात, हिसक्याने उलट तोंडातून निसटतात.

तळाशी सोडणार असाल तर शेजाऱ्याइतकंच शिसं लावा. तुमचं हलकं असलं की प्रवाह तुमची दोरी त्याच्या दोरीखाली नेऊन ठेवतो. पार्टी बोटीवरचे निम्मे गुंते असेच होतात. गुंता झालाच तर मेटला हाक मारा, तो रोज पन्नास सोडवतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : पार्टी बोटीची गर्दी नको, पण पूर्ण बोटही परवडत नाही. आम्ही दोघेच आहोत. मधला मार्ग आहे का?

दोन आहेत.

पहिला स्प्लिट चार्टर : सहा जागांची बोट अनोळखी लोकांसोबत वाटून घ्यायची. ९०० ची बोट आणि १८० टीप, सहांत वाटले की माणशी १८०. मेख अशी की बाकीच्या जागा भरल्या नाहीत तर फेरी रद्द होते, नाहीतर उरलेल्यांवर बोजा पडतो. म्हणून ‘चारच जण जमले तर माणशी किती?’ हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या, मेसेजवर चालेल.

दुसरा मार्ग फ्लोरिडा बे या उपसागराच्या बाजूची लहान स्किफ, म्हणजे होडी. खोल समुद्रात जायचं नाही, खारफुटी आणि उथळ पाण्यात फिरायचं. इंधन कमी, मेट नाही, बोट दोघा-तिघांचीच. अर्ध्या दिवसाचे साधारण ४५० ते ६००. वारा असला तरी बेटांच्या आडोशाला मासेमारी होते, हा मोठा फायदा.

बुकिंग करताना मधला माणूस टाळा. रिसॉर्टचा डेस्क आणि बुकिंगची संकेतस्थळं कमिशनवर चालतात. ते कोणाच्या तरी खिशातून जातंच. बोटीचं नाव शोधून कॅप्टनला थेट फोन करा. त्याहून बरं म्हणजे दुपारी चारच्या सुमारास मरीनावर चक्कर टाका. अर्ध्या आणि पूर्ण दिवसाच्या बोटी तेव्हा परततात आणि मासे फळीवर टांगतात. कुठली बोट काय घेऊन आली आणि मेट गिऱ्हाइकांशी कसा वागतोय, हे फोटोंपेक्षा तिथे जास्त कळतं. उद्याची बोट रिकामी असलेला कॅप्टन त्या वेळी भाव कमी करायला तयार असतो. सुट्टीच्या आठवड्यात मात्र ही आशा धरू नका.

फोनवर एवढं विचारा : इंधन धरून किंमत आहे का? मासे साफ करण्याचे वेगळे पैसे? धरलेले मासे सगळे आमचे ना? हवामानामुळे कॅप्टनने फेरी रद्द केली तर आगाऊ रक्कम परत, की फक्त दुसरी तारीख? शेवटच्या प्रश्नावरून वाद सर्वांत जास्त होतात.

‘ओळखीचा आहे, त्याच्या बोटीतून २०० डॉलरमध्ये नेतो’ असं कोणी म्हणालं तर जाऊ नका. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्याकडे कोस्ट गार्डचा कॅप्टन परवाना लागतोच. तो नसेल तर अपघातात विमा हात वर करायची शक्यता मोठी, आणि मासेमारीचा परवानाही तुमचा तुम्हालाच काढावा लागेल.

प्रश्न (पुणे, मुलगा टँपाला) : आम्ही ६७ आणि ६३ वर्षांचे. आम्हाला परवाना लागेल का? आणि बोट लागते, त्याचं काय?

चार्टर किंवा पार्टी बोटीवर लागत नाही. बोटीच्या परवान्यात प्रवासी येतात. पुलावरून किंवा किनाऱ्यावरून गळ टाकलात तर लागतो. ६५ वर्षांवरची सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही, यात बरेच जण फसतात. बाहेरच्यांसाठी खाऱ्या पाण्याचा परवाना तीन दिवसांचा १७ डॉलर, सात दिवसांचा ३०. ऑनलाइन काढला तर वर थोडं शुल्क. १६ वर्षांखालच्या नातवंडांना नको.

बोट लागण्यावर मेक्लिझिनची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी जाऊ नका, तेलकटही नको. बोटीच्या मध्यावर उभे राहा, तिथे हेलकावा कमी. नजर क्षितिजावर ठेवा, फोनमध्ये नको.

प्रश्न (शार्लट) : कुठल्या महिन्यात स्वस्त पडेल?

सप्टेंबर-ऑक्टोबर. खोल्या आणि बोटी दोन्ही उतरतात, कारण वादळांचा हंगाम ऐन भरात असतो (तो १ जून ते ३० नोव्हेंबर). तेव्हा परत न मिळणारं काही बुक करू नका. डिसेंबरच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत सगळं महाग. जुलैचे शेवटचे लागोपाठचे बुधवार-गुरुवार टाळाच. त्या दोन दिवसांत लॉब्स्टरचा छोटा हंगाम असतो आणि पाय ठेवायला जागा नसते.

हिवाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. उत्तरेकडून थंड वारं आलं की ते गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या उलट दिशेला वाहतं आणि लाटा आखूड, उभ्या होतात. असं तीन-तीन दिवस चालतं. म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचं बुकिंग करा. रद्द झालं तर मागे दिवस उरतात. जानेवारी ते एप्रिल ग्रूपर, म्हणजे आपला गोबरा, धरायला बंदी असते.

राहण्यात वाचवायचं असेल तर मुख्य भूमीवर फ्लोरिडा सिटीला खोली घ्या. तिथून आयलामोराडा ७५ किलोमीटरच्या आसपास, पहाटे तासाभरात पोहोचता. रस्ता एकच आहे, त्यामुळे रविवारी दुपारी परत निघालात तर वेळेचं काही सांगता येत नाही.

प्रश्न (ऑर्लँडो) : धरलेले मासे घरी आणता येतात का? मागच्या वेळी हातात नुसते फिले, म्हणजे काटे काढलेले तुकडे, मिळाले.

येतात. येलोटेल किमान १२ इंच लागतो आणि सगळे स्नॅपर मिळून माणशी १० ची मर्यादा आहे. मेट मोजून देतो. हे मासे डोक्या-परांसकट धक्क्यावर आणावे लागतात, म्हणून समुद्रात कापत नाहीत. बंदरात आल्यावर मेट सुरी चालवतो आणि गिऱ्हाइकाला फिलेच हवेत असं गृहीत धरून डोकी-काटे पाण्यात भिरकावतो. कालवणाचा जीव त्यातच. त्यामुळे सुरी लागण्याआधीच सांगा : खवले काढून पोट साफ करा, डोकं राहू द्या. खवले काढायला जास्त वेळ लागतो, टीप त्या हिशोबाने द्या. मोठी बर्फाची पेटी गाडीत ठेवा, बोटीवर नको.

मोठा बॅराकुडा कोणी फुकट देऊ केला तरी घेऊ नका. प्रवाळावरच्या अशा माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं. तळून, उकळून, गोठवून ते जात नाही आणि चवीवरून कळतही नाही.

राहता राहिला डबा. पोळीभाजी चालेल, पण केळं नेऊ नका. अमेरिकेतल्या मासेमारी बोटींवर केळं अपशकुनी मानतात, आणि कॅप्टन ते हसत हसत का होईना, पाण्यात टाकायला लावतो. केळ्याच्या वेफर्सनाही सूट नाही.