"मॅडम, मेडिकलचे शब्द पाठच होत नाहीत"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरचा बोलायच्या आधीच कळतं. नर्सिंग, फिजिओ, फार्मसी, लॅब टेक्निशियन, कोर्स कुठलाही असो, पहिली परीक्षा जवळ आली की सगळ्यांचं एकच, माझी मेमरीच वीक आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहितेय, ओळख अर्थातच बदललीय.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी. वहीत प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहिलेला आणि तरी सकाळी कोरी पाटी. सुरुवातीला नुसती रडायची, मी या लाइनसाठी नाहीच म्हणायची. एकदा मी विचारलं, "टॉन्सिलायटिस कधी पाठ केलास?"

"नाही, तो माहितीये, लहानपणी झालेला."

"अपेंडिसायटिस?"

"अपेंडिक्स सुजतं." मग जरा थांबली. "म्हणजे शेवटी आयटिस आलं की सूज?"

मी हेपॅटोमेगाली लिहून कागद पुढे सरकवला. हेपॅट म्हणजे लिव्हर, मेगाली म्हणजे आकार वाढणं, एवढंच सांगितलं आणि गप्प बसले (गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं). बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मग स्प्लीन, म्हणजे प्लीहा, वाढली तर स्प्लिनोमेगाली म्हणतील का?" म्हटलं बघ पुस्तकात. सापडला! मग न सांगताच तिने दोन्ही जोडून हेपॅटोस्प्लिनोमेगाली केला, तोही होता, आणि एवढा लांबलचक शब्द ती न अडखळता वाचून हसायलाच लागली.

माझ्या मते सगळं इथेच बदललं. मेमरी वीक नव्हतीच, आपण या शब्दांच्या बाहेरचे आहोत असं वाटत होतं, आणि न वाचलेला शब्द स्वतः बनवता आला की ते बाहेरचेपण जातं. "तू हुशार आहेस गं" असं मी शंभरदा म्हणून हे झालं नसतं. बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ सालीच मांडलंय की आत्मविश्वासाला सगळ्यात जास्त बळ स्वतःच्या हातून काम जमल्याच्या अनुभवातून मिळतं, दुसऱ्याच्या शब्दांतून तेवढं नाही. मी त्याच मताची.

आता तुमच्यासाठी. शब्द शेवटाकडून वाचा. एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ऑटमी म्हणजे छेद देणं, ऑस्टमी म्हणजे ऑपरेशनने उघडं तोंड (वाट) करून ठेवणं, पण ही तिन्ही एका दिवशी पाठ करू नका, सारखी दिसणारी एकमेकांत मिसळतात. एक आज, दुसरं चार दिवसांनी. किडनीला नेफ्रो पण आणि रीनल पण, का तर एक ग्रीकमधून आलाय आणि एक लॅटिनमधून, त्यात तुमची चूक नाही. उलटंही होतं, इलियम ऐकलं तर लहान आतड्याचा शेवटचा भाग की कमरेचं हाड हे स्पेलिंग बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि तुकड्यांचा अर्थ म्हणजे व्याख्या नाही. ती मुलगी नंतर एकदा तणतणत आली, "अॅनिमिया म्हणजे रक्त नाही असं निघतं, पण पेशंटला रक्त तर असतंच ना!" मला इतकं बरं वाटलं! आधी शब्दांना घाबरून रडायची, आता शब्दांशी भांडत होती. खरा अर्थ हिमोग्लोबिन किंवा तांबड्या पेशी कमी असणं, तुकडे नुसते दिशा दाखवतात, म्हणून अंदाज केला की पुस्तकात बघायचंच.

फक्त हायपो आणि हायपरच्या बाबतीत अंदाज नको. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर कमी, हायपरग्लायसेमिया म्हणजे जास्त, दोघांचे उपाय उलटे, आणि घाईत किंवा फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. तिथे लाज न बाळगता सरळ विचारायचं, "कमी की जास्त?"