ए लेव्हल सायन्स घरून द्यायचं असेल तर बोर्डाच्या आधी परीक्षेचं सेंटर शोधा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. लेकीची अकरावी सायन्स संपतेय, तुम्ही सगळे इंग्लंडला येताय, इथे सिक्स्थ फॉर्मला (म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला) प्रवेश नाही मिळाला तर ती घरीच अभ्यास करून प्रायव्हेट कँडिडेट म्हणून, म्हणजे शाळेत नाव न घालता, बायो, केमिस्ट्री, फिजिक्सचं ए लेव्हल (इथली बारावीच्या तोडीची परीक्षा) देणार, आणि त्यासाठी एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल यातला सोपा बोर्ड कुठला. माझ्या मुलाचं आम्ही हेच केलं, त्यामुळे जरा लांबण लावते.

सोपा बोर्ड कुठला हे आधी डोक्यातून काढा. सायन्सच्या सिलॅबसचा साधारण 60 टक्के भाग सरकारनेच ठरवून दिलाय, तो सगळ्या बोर्डांना सारखाच, आणि युनिव्हर्सिटीवाले बोर्ड बघत नाहीत, केमिस्ट्री एका बोर्डाची आणि फिजिक्स दुसऱ्याचं असलं तरी चालतं. खरी मेख प्रॅक्टिकलमध्ये आहे. आपल्याकडे प्रॅक्टिकलचे मार्क बेरजेत येतात ना, इथे तसं नाही, ग्रेड फक्त लेखी पेपरवर आणि प्रॅक्टिकलचा नुसता पास वेगळा नोंदवतात, त्याला प्रॅक्टिकल एंडॉर्समेंट म्हणतात. प्रत्येक विषयाचे कमीत कमी 12 प्रयोग लॅबमध्ये करायचे, त्यांची नोंद ठेवायची, आणि शिक्षकांनी ते तपासून पास द्यायचा. आता घरी बसलेल्या मुलीला लॅब कोण देणार? बरीच सेंटर्स लेखी पेपरला बसू देतात पण प्रॅक्टिकल म्हटलं की सरळ नाही म्हणतात.

आम्ही इथेच फसलो. सप्टेंबरमध्ये बोर्ड ठरवला, पुस्तकं आणली, पोरगा डिसेंबरपर्यंत मन लावून अभ्यास करत होता, आणि मग जवळच्या सेंटरला फोन केला तर ते म्हणाले लेखी घेऊ, प्रॅक्टिकल फक्त आमच्या विद्यार्थ्यांचं. शेवटी ट्रेनने दोन तासांवर एक सेंटर मिळालं पण तिथे केमिस्ट्री दुसऱ्या बोर्डाची, म्हणजे विषय तोच पण पेपरची विभागणी वेगळी, मार्क स्कीमची (कुठल्या उत्तराला किती मार्क त्या यादीची) भाषा वेगळी, सोडवलेले पेपर पुन्हा नव्याने. तो काही बोलला नाही पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे इतकं कळकळीने सांगतेय.

तर आधी सेंटर. जेसीक्यू या परीक्षा बोर्डांच्या संयुक्त संस्थेच्या वेबसाइटवर प्रायव्हेट कँडिडेट घेणाऱ्या सेंटर्सची यादी असते, तिथून दहाबारा ठिकाणी फोन लावा आणि विचारा की तिन्ही विषयांचे कुठले बोर्ड घेता, एंडॉर्समेंट करून देता का, आणि त्याची फी किती, कारण ती लेखीच्या फीपेक्षा वेगळी असते आणि चांगलीच जड जाते. परीक्षा मे-जूनमध्ये असते पण फॉर्मची नेहमीची मुदत 21 फेब्रुवारी, त्यानंतर लेट फी, आणि सेंटर स्वतःची तारीख त्याच्याही आधीची ठेवतं.

एंडॉर्समेंट सगळ्यांनाच लागते असंही नाही. मेडिसिन, केमिस्ट्री अशा कोर्सेसना बरीच विद्यापीठं प्रॅक्टिकलचा पास मागतात, इकॉनॉमिक्स किंवा कॉम्प्युटरला सहसा विचारत नाहीत, पण अंदाजावर राहू नका, ॲडमिशन ऑफिसला मेल करून लेखी उत्तर घ्या. आणि एंडॉर्समेंट नाही केली तरी प्रयोग शिकावेच लागतात, लेखी पेपरमधले किमान 15 टक्के मार्क प्रॅक्टिकलवरच्या प्रश्नांना असतात.

सेंटर दोन बोर्ड देत असेल तरच मग निवड करा. एक्यूएच्या बायोत तिसऱ्या पेपरला 25 मार्कांचा निबंध असतो, मुलीला सलग लिहायची सवय नसेल तर ओसीआर बघा. एक्यूएच्या फिजिक्समध्ये शेवटी एक ऑप्शन निवडायचा असतो, ॲस्ट्रोफिजिक्स, मेडिकल फिजिक्स वगैरे, माझ्या मुलाला तो भाग फार आवडला. न्यूमेरिकल्सना आपली मुलं घाबरत नाहीत आणि फिजिक्समध्ये किमान 40 टक्के मार्क गणिताचे असतात, त्यामुळे तिथे निभावतं, अडतं ते बायोमध्ये, सगळं येत असूनही मार्क स्कीमला हवा तो नेमका शब्द लिहिला जात नाही. प्रत्येक बोर्डाचे जुने पेपर आणि मार्क स्कीम फुकट मिळतात, महिनाभर दोन्हीकडचे सोडवून बघू दे, तिचं तिलाच कळेल.

तुमचं निघणं लांबलं तर एडेक्सेलचं इंटरनॅशनल ए लेव्हल भारतातून देता येतं, त्यात प्रॅक्टिकलच्या जागी लेखी पेपर असतो. केंब्रिज बोर्डाच्या इंटरनॅशनल ए लेव्हलमध्ये मात्र लॅबमध्ये बसून द्यायचा पेपर आहेच. पण खरं सांगू का, शक्य असेल तर तिची बारावी तिकडेच पूर्ण होऊ द्या, इथली बरीच विद्यापीठं चांगल्या टक्क्यांवर बारावी धरतात, तिच्या कोर्सला चालते का ते आधी बघा.

अजून एक, यूकॅसच्या, म्हणजे इथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जाला प्रेडिक्टेड ग्रेड (शिक्षकांनी दिलेला अपेक्षित ग्रेडचा अंदाज) लागतात आणि प्रायव्हेट मुलांना त्या द्यायला सेंटर सहसा तयार नसतं. मेडिसिनची मुदत तर 15 ऑक्टोबरलाच संपते. ऑनलाइन ट्यूटर लावणार असाल तर रेफरन्स (शिफारसपत्र) आणि प्रेडिक्टेड ग्रेड देणार का हे पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या.

तिला कुठल्या कोर्सला जायचंय आणि तुम्ही कुठल्या शहरात येताय ते लिहा, त्या भागातल्या सेंटर्सना काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.