स्त्रियांनी अथर्वशीर्ष म्हणू नये, असे शास्त्रात खरोखर लिहिले आहे का?

लग्नानंतर सासरी अथर्वशीर्ष आणि श्रीसूक्त म्हणण्यास आपल्याला मनाई झाली, 'शास्त्रातच तसे आहे' असे सांगण्यात आले, तर ते खरे आहे का आणि वाद न वाढवता काय करावे, असे आपण विचारले आहे.

लिहिलेले आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात 'नास्ति स्त्रीणां क्रिया मन्त्रैः', म्हणजे स्त्रियांचे संस्कार मंत्रांनी होत नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधात स्त्रिया, शूद्र आणि द्विजबंधू (नावापुरते द्विज) यांच्या कानी वेद पडत नाहीत, म्हणून व्यासांनी कृपाळूपणे महाभारत रचले, असे आहे. नृसिंहपूर्वतापनीय उपनिषद तर प्रणव (ॐकार) आणि गायत्री स्त्रीला देऊ नयेत, असे थेट सांगते. सभांमध्ये 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते' एवढेच म्हणून त्याच मनूची बाकीची पाने झाकून ठेवणाऱ्यांचा मला मनाई करणाऱ्यांइतकाच राग येतो.

परंतु याच परंपरेत याच्या उलटही लिहिलेले आहे, आणि ते अधिक जुने आहे. सप्तशतीच्या पाठाबरोबर जे देवीसूक्त म्हणतात, ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२५वे सूक्त वाक् आम्भृणी या ऋषिकेच्या नावावर आहे. घोषेची दोन सूक्ते त्याच मंडलात आहेत, अपालेचे आठव्यात आहे, आणि आपल्या लग्नात गुरुजींनी जे मंत्र म्हटले त्यांतले कितीतरी सूर्या सावित्रीच्या सूक्तातले आहेत. विदुषी मुलगी व्हावी अशी इच्छा असणाऱ्या आईबापांनी तीळ घालून शिजवलेला भात तूप घालून खावा, असे बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. जनकाच्या सभेत गार्गीने याज्ञवल्क्याला दोनदा प्रश्न विचारले, हे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते.

हा प्रश्न मी नुसता वाचून पुढे जाऊ शकले नाही, कारण हेच वाक्य मी माझ्या सासरी, कोकणात, लग्नानंतरच्या पहिल्याच चतुर्थीला ऐकले आहे. माझे वडील याज्ञिकी करीत. त्यांना मुलगा नव्हता, पण मला त्यांनी शिकवले ते त्यामुळे नव्हे. मला पाठ लवकर होते आणि स्वर बरोबर लागतो, म्हणून शिकवले. रुद्र, पुरुषसूक्त, श्रीसूक्त हे सगळे मी त्यांच्यासमोर बसून, हाताने स्वर दाखवीत म्हटलेले आहे. त्या चतुर्थीला गुरुजींना आणखी कितीतरी घरचे गणपती बसवायचे होते. ते आमच्याकडची प्राणप्रतिष्ठा आटोपून निघून गेले आणि आवर्तने घरच्या पुरुषांनी पुस्तिकेवरून सुरू केली. मी स्वयंपाकघरात मोदकांना कळ्या पाडीत होते. माजघरातून आवाज येत होते ते एकमेकांच्या पुढेमागे, कुठे श्वास तुटलेला, कुठे शब्द चुकीच्या जागी तोडलेला. 'अकारो मध्यमरूपम्' झाल्यावर सगळे एकदम 'बिन्दुरुत्तररूपम्'वर गेले आणि मधले 'अनुस्वारश्चान्त्यरूपम्' गळले. दुसऱ्या आवर्तनातही गळले. तिसऱ्या वेळी मी उकडीचे हात तसेच घेऊन दारात आले आणि तेवढे पद मोठ्याने म्हटले.

सगळे थांबले. माझे चुलत सासरे, ज्यांना घरात सगळे काका म्हणत, मागे वळून म्हणाले, "सूनबाई, बायकांनी हे म्हणायचे नसते." का, असे मी विचारले. ॐकाराच्या उच्चाराने गर्भाशयावर परिणाम होतो, असे त्यांनी पंधरा माणसांसमोर सांगितले. हे कोठे लिहिले आहे, असे विचारल्यावर ते म्हणाले, "शास्त्रात." कोणत्या, याचे उत्तर आले नाही. सासूबाईंनी आतूनच विचारले, "ती म्हणाली ते बरोबर होते की चूक?" त्याचेही उत्तर आले नाही. जेवणे झाल्यावर काकांनी मला बोलावून, आवाज पुष्कळ मऊ करून समजावले की, बायकांना नामस्मरण पुरे, जनाबाईने कोठे वेद म्हटले होते?

गर्भाशयाविषयीचे ते वाक्य मी तेव्हापासून शोधते आहे. श्रुतीत, स्मृतीत किंवा पुराणात ते मला मिळालेले नाही. नृसिंहतापनीयासारखा कडक निषेध करणारा ग्रंथही अधोगतीची भीती घालतो, गर्भाशयाचे नाव काढीत नाही. अथर्वशीर्षाच्या शेवटी ते कोणाला देऊ नये हे स्वतः त्या ग्रंथानेच सांगितले आहे: 'अशिष्याय न देयम्'. जो शिष्य नाही त्याला देऊ नये. वडिलांपुढे बसून शिकलेली मी त्या माजघरातल्या कोणाहीपेक्षा कमी शिष्य होते, असे मला आजही वाटत नाही.

पण मला अधिक लागले ते जनाबाईचे नाव. जनाबाईवर माझी श्रद्धा आहे, 'स्त्री जन्म म्हणवुनी न व्हावें उदास' हे मी रोज म्हणते, आणि म्हणूनच बायकांना दाराबाहेर बसवण्यासाठी तिचे नाव वापरलेले मला सहन होत नाही. काका दर वर्षी ज्ञानेश्वरीचे पारायण करीत. त्याच ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस माउली म्हणतात की, वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला आणि स्त्रीशूद्रांना त्याने जागा दिली नाही. हे उणे फेडण्यासाठी तो गीतेच्या रूपाने पुन्हा आला. ज्ञानेश्वरांनी येथे दोष वेदाला दिला आहे, बायकांना नव्हे. तुकोबांची शिष्या बहिणाबाई, जिला तुकोबांच्या भक्तीपायी नवऱ्याचा मार खावा लागला, तिने तर वेद हाका देऊन स्त्रीच्या संगतीत हित नाही म्हणतात, मग स्त्रीदेह मिळालेल्या मला परमार्थ कसा साधणार, असे सरळ विचारले. ज्या बाईला नाम पुरले, तिने असा प्रश्न विचारला नसता. भक्तीचे दार बायकांनी उघडले ते दुसरे दार बंद होते म्हणून. त्यावरून ते दुसरे दार बंदच राहावे असे ठरत नाही.

वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसेतही हेच घडलेले दिसते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात, यज्ञ फक्त पुरुषांचा हे ऐतिशायन या आचार्यांचे मत खोडून, स्वर्गाची इच्छा स्त्रीलाही असते म्हणून तिलाही अधिकार आहे, असे ठरवले आहे. पुढे त्याच पादात तिची कृत्ये मर्यादित केली आहेत, आणि भाष्यकार शबरस्वामी कारण देतात की, यजमान विद्वान असतो आणि पत्नीला विद्या नसते. आधी शिकवायचे नाही आणि मग शिकलेली नाही म्हणून नाकारायचे, हे त्या माजघरातही चालले होते.

वाद न वाढवता काय करावे, याचे उत्तर मला देता येत नाही, कारण आपण वाद काढलेला नाही, तो आपल्यावर आणला गेला आहे. म्हणावे, आणि अडवणाऱ्याकडे ग्रंथ, अध्याय आणि श्लोक मागावा. घरात पारायण होत असेल तर ज्ञानेश्वरीतले ते पान उघडून समोर ठेवावे. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे, साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात स्त्रियाच यज्ञ करतात, आणि ज्या ऋषिपंचमीच्या कहाणीत विटाळ कालवल्यामुळे बाई कुत्री होते आणि नवरा बैल होतो, त्याच ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात. काकांना मी तेथे चला म्हणाले होते. ते आले नाहीत.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. ऋषिकांची नावे आपल्याला अनुक्रमणीवरून, म्हणजे सूक्तांच्या प्राचीन सूचीवरून, कळतात आणि प्रत्येक सूक्त खरोखर त्याच स्त्रीने रचले असे सर्व अभ्यासक मानीत नाहीत. शिवाय मला वेद मिळाला तो याज्ञिकाच्या घरी जन्मले म्हणून. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाईला देवळाची पायरीही मोकळी नव्हती, त्यामुळे अधिकार मागायचा तर तो केवळ आपल्या घरच्या सुनांपुरता मागू नये. आणि श्रीसूक्त ध्वनिफितीवरून न शिकता एखाद्या स्त्री पुरोहितांकडे समोर बसून शिकावे, कारण स्वर चुकला की काकांसारख्यांना बोलायला आयते निमित्त मिळते.